समुद्रगाईंचा पत्ता आणि तांडेलाचे नाव

तक्रारदार : (१) कतारच्या उत्तर किनाऱ्यावरील एक नाखवा, वय सत्तरीपुढे, जन्माने इथलाच. (२) त्याच्या बोटीवरचा तांडेल, वय साठीला टेकलेले, मूळ गाव रत्नागिरीच्या दक्षिणेस खाडीकाठी, हल्ली मुक्काम वरील नाखव्याची बोट.

विरुद्ध पक्ष : आरंभी कोणीही नव्हता. तो मी शोधून काढला.

दिनांक : वक्र्याच्या स्टेडियमवर छत चढत होते त्या वर्षी, उन्हाळा लागण्यापूर्वीचे तीन शुक्रवार, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यातील एक सकाळ.

साक्षीदार : पुण्याच्या एक संशोधक बाई; टायपिंग सेंटरमधील एक केरळी गृहस्थ, फक्त अरबी तर्जुम्यापुरते; आणि प्रस्तुत लेखक.

नावे : दिलेली नाहीत. तांडेलाचे नाव जिथे आधी लागायला हवे होते तिथे ते अद्याप लागलेले नाही. ते लागेपर्यंत मी ते अन्यत्र लिहिणार नाही; आणि त्याचे नाही, तर कोणाचेच नाही.

एवढे लिहिल्याखेरीज माझी लेखणी पुढे सरकत नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत शाळेत झाले आणि पुढचे तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली, चौदा वर्षे, एका घडीच्या टेबलावर. घरी पत्र लिहितानाही मी वर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ घालतो, अशी सौभाग्यवतींची तक्रार आहे. ती त्यांनी आजवर लेखी दिलेली नसल्याने मी दाखल करून घेतलेली नाही.

कतारमध्ये मी हमद पोर्टच्या एका गोदामात हजेरी लावतो, म्हणजे इतरांची. हे पोटापुरते. माझे खरे काम शुक्रवारी, अल वक्रा येथे, एका कॅफेटेरियाच्या बाहेरच्या टेबलावर चालते. माणसे अर्ज लिहून घ्यायला येतात आणि बसल्या बसल्या करक चहा पितात, म्हणून मालक मला उठवत नाही. रजेचा अर्ज, खोलीतल्या एसीचा अर्ज, मेसईदच्या बसवरून दोह्याच्या बसवर बदली मागणाऱ्या ड्रायव्हरचा अर्ज, असे सर्व प्रकार मी हाताळले आहेत. मी लिहितो इंग्रजीत. हे इंग्रजी मी जुन्या फायलींतून स्वतः मिळवले असल्याने त्याचा आब काही निराळाच आहे.

अशाच एका शुक्रवारी तांडेल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आमची जुनी ओळख; त्याच्या मुलीच्या प्रवेशाचा अर्ज मीच लिहिला होता. सोबत पस्तिशीच्या एक बाई होत्या. चष्मा उन्हाने तांबड्या पडलेल्या नाकावर, हातात जाड फाइल.

“काय वो वकील,” तांडेल म्हणाला, “बायला एक कागद पायजे. आमच्या नाखव्याकडनं.”

मी वकील नाही, हे मी त्याला पुष्कळदा सांगितले आहे. फार जोर देऊन सांगितलेले नाही.

बाईंनी खुर्ची ओढली आणि विषय मांडला. सरकारच्या एका निधीतून उत्तरेकडच्या समुद्राच्या अभ्यासाला पैसा मिळणार होता. तिथे उथळ पाण्यात समुद्रगवत उगवते, आणि ते चरायला हिवाळ्यात समुद्रगाई येतात. त्या नेमक्या कुठे जमतात, का जमतात, हा बाईंचा अभ्यास. सगळा देश फुटबॉलच्या विश्वचषकासाठी स्टेडियम, रस्ते आणि मेट्रोच्या मागे लागलेला असताना कोणा भल्या माणसाला कागदोपत्री का होईना समुद्र आठवला, याचे मला कौतुक वाटले. मात्र निधीची एक अट होती. पिढ्यान्‌पिढ्या त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांवर अभ्यास नको, त्यांच्याबरोबर हवा. ते भागीदार असले पाहिजेत, आणि तसे त्यांचे त्यांच्या शब्दांत लिहिलेले पत्र प्रस्तावाला जोडले पाहिजे.

“नाखव्यांचे मुलगे दोह्यात मोठ्या ऑफिसांत आहेत,” बाई म्हणाल्या. “मी म्हटलं, त्यांच्याकडून लिहून घेऊ. तर नाखवा म्हणाले, त्यांची पत्रं बँकेसारखी असतात. तांडेलाचा माणूस लिहील. म्हणून आले, काका.”

‘काका’ हे मी सत्तेचाळिसाव्या वर्षी सहन केले. कोरा कागद पुढे घेतला आणि पद्धतशीर सुरुवात केली.

“तक्रार कोणाविरुद्ध?”

“तक्रार नाहीये. भागीदारीचं पत्र आहे.”

“असेल. पण विरुद्ध पक्ष कोण?”

“कोणीच नाही, काका. आम्ही सगळे एका बाजूला आहोत.”

“बाई, दुसरी बाजू नसलेला कागद कोणत्याही कचेरीत वाचला जात नाही. तो बाजूला ठेवतात. वाचतात तो, ज्यात कोणीतरी कोणाचे तरी काहीतरी केलेले असते.”

बाई तांडेलाकडे पाहू लागल्या. तांडेल चहात बिस्किट बुडवत होता. “बाय, त्याला लिवू दे,” तो म्हणाला. “माज्या पोरीच्या अर्जात यानं कॉलेजाला आरोपी केलता. तरी प्रवेश गावला.”

मग बाईंनी प्रस्तावाचा नमुना मला दाखवला. कागद तपासण्याचा माझा हक्क मी सोडत नाही. त्यात एक तक्ता होता. स्थानिक भागीदार : नाखव्याचे नाव. आणि खाली, सहायक : बोटीवरील कर्मचारी, एक.

माझे बोट तिथे थांबलेले तांडेलाने पाहिले. “काय लिवलाय?”

बाईंनी वाचून दाखवले. वाचताना त्यांचा आवाज शेवटच्या शब्दावर खाली आला.

“एक म्हंजे मी?”

“हो. म्हणजे... त्या रकान्यात तसंच लिहायचं असतं.”

“बरा, अर्धा न्हाय लिवला.” तो हसला. मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाला, “माजी पोर तिकडं रत्नागिरीत मासळीच्या कॉलेजात हाय. तिच्या सरांनी सांगितलान, कतारच्या समुद्रावर मोठा अभ्यास चाललाय. ती इचारते, बाबा, तुमी त्यात हाव? मी म्हटलं, हाव. ती म्हणते, मंग नाव दाखवा.”

नाव लागून मासा काही जास्त गावत नाही, असे तो लगेच पुढे म्हणाला. परंतु त्या दिवशी त्याने कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि बोटीवरचा माणूस शुक्रवारी चहाला इस्त्री करून येत नसतो. मी कागदावर पहिली ओळ लिहिली आणि बाईंना सांगितले की जबाब घेतल्याशिवाय पुढे लिहिता येणार नाही. जागेवर जावे लागेल.

पुढच्या शुक्रवारी बाईंच्या गाडीतून आम्ही उत्तरेस गेलो. वाटेत जिकडे तिकडे रस्ता खणलेला आणि वळणाच्या पाट्या. वक्र्याचे स्टेडियम मागे पडताना तांडेल म्हणाला, “होडीच्या शिडासारखा बांधलाय म्हणतात. एवढ्या शिडाला एवढीच बोट? वारा लागला तर मेसईदला जाऊन पडंल.” बाई मनापासून हसल्या. मीही हसलो असतो, पण मी सरकारी कामावर होतो.

नाखव्याचे घर किनाऱ्यालगत. म्हातारा मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, भिंतीला टेकून बसला होता. समोर खजूर आणि काहव्याची किटली. त्याचे वडील मोती घेऊन मुंबईला जात, त्यामुळे त्याला हिंदी येत होती, आणि ती माझ्या हिंदीपेक्षा वाईट नव्हती. त्याने मला ‘या कातिब’ म्हटले. कातिब म्हणजे लिहिणारा. या एका शब्दासाठी माझ्या मनात त्या घराविषयी कायमचा आदर आहे.

जबाब वेगवेगळे घेण्याची रीत आहे. मी तांडेलाला धक्क्यावर पाठवले. प्रथम नाखव्याला विचारले, समुद्रगाई हिवाळ्यात कुठे जमतात? त्याने क्षणभरही न अडखळता सांगितले. बुडालेल्या जुन्या बोटीच्या पूर्वेला, जिथे पाणी हिरवे दिसते तिथे. मी लिहून घेतले. मग धक्क्यावर गेलो. तांडेल तारेचा गरगूर, म्हणजे मासे धरायचा मोठा पिंजरा, दुरुस्त करत बसला होता. तोच प्रश्न. तोही अडखळला नाही. हदऱ्याच्या पश्चिमेला, तो म्हणाला. हदरा म्हणजे ओहोटीच्या पाण्यात खुंटे रोवून घातलेले कुंपण. भरतीबरोबर मासा आत येतो आणि ओहोटीला आतच अडकतो. मी तेही लिहून घेतले, मजलिसमध्ये परत आलो आणि बाईंना त्यांचा नकाशा उघडायला सांगितले. गेल्या हिवाळ्यात नाखव्यानेच त्यांना दाखवलेली जागा तिसरीच होती.

“जबाब जुळत नाहीत,” मी जाहीर केले. “या कागदावर मी सही होऊ देणार नाही.”

तांडेलाला आत बोलावले. दोघांना समोरासमोर बसवले. मी तिन्ही जागा मोठ्याने वाचल्या. नाखव्याने तांडेलाकडे पाहिले, तांडेलाने नाखव्याकडे. मग म्हातारा एवढा हसला की काहवा सांडला.

“तू ने भी झूठ बोला?” त्याने तांडेलाला विचारले.

“मंग? तुमी खरी सांगितलाव न्हाय, तर मी कशी सांगनार?”

झाले होते ते असे. मासेमारीची जागा परक्याला सांगायची नाही, ही त्या किनाऱ्याची रीत. परंतु पाहुण्याला नाही म्हणणे ही त्याहून मोठी चूक. म्हणून पाहुणा विचारेल तेव्हा प्रेमाने, सविस्तर, खुणांसकट सांगायचे, मात्र खऱ्या जागेपासून थोडे बाजूला. आजवर आलेल्या प्रत्येक संशोधकाला, प्रत्येक सरकारी साहेबाला याच रीतीने माहिती मिळाली होती. ते नकाशे छापलेही गेले. तांडेलाच्या गावच्या खाडीतही हीच रीत असल्याने त्याला इथे येऊन ती शिकावी लागली नव्हती. दोघांनी मिळून काय सांगायचे हे ठरवण्याची गरजच कधी पडली नव्हती, कारण दोघांना वेगवेगळे विचारायचे कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

“तीन आठवडे,” त्या म्हणाल्या. “तीन आठवडे, काका! भर जानेवारीत, पहाटेपासून बोटीत कॅमेरा धरून बसले होते मी. एक शेपटी दिसली नाही. माझ्या डायरेक्टरना मी लिहून दिलं की समुद्रगाई बहुतेक स्थलांतर करून गेल्या!”

“बाय, रोज मफलर कोन देत होता तुला?” तांडेल दुखावल्या स्वरात म्हणाला.

“मफलर? अहो, जागा द्यायची होती ना!”

“जागा कशी देनार? तवा तू पाव्हनी होतीस.”

“आणि आता?”

याचे उत्तर नाखव्याने दिले, आणि मी ते शब्दशः टिपून घेतले. तो म्हणाला, कागदावर शरीक लिहिले असेल तर पाहुणेपण खलास. भागीदाराशी खोटे बोलता येत नाही. पण जागा दोन आहेत. एक मला माझ्या वडिलांनी दाखवली. ती मी देतो. दुसरी, जिथे पिल्लांच्या आया येतात, ती मला ठाऊकच नव्हती. ती या माणसाने शोधली. जाळ्यात एक पिल्लू अडकले, याने माझे नवे जाळे मला न विचारता कापले आणि त्या पिल्लाच्या मागे मागे गेला. मी दोन दिवस याच्याशी बोललो नाही. तेव्हापासून आम्ही तिथे जाळे टाकत नाही. ती जागा याची आहे. तुमच्या कागदात हा नसेल, तर ती जागाही नाही.

तांडेल पायाच्या अंगठ्याने चटई उसवत होता.

तिसऱ्या शुक्रवारी मी पत्र पुरे केले. त्यात विरुद्ध पक्ष क्रमांक एक म्हणून ‘हंगामात येऊन विचारून जाणारे व पुन्हा न दिसणारे सर्व इसम’ यांचा समावेश केला. क्रमांक दोनला सदर बाई होत्या, कारण गेल्या हिवाळ्यात त्यांनी हदऱ्याचे आणि नाखव्याचे फोटो काढले आणि ते पाठवले नाहीत, असे जबाबात आले होते. त्यानंतर तक्रारदारांची कबुली : आम्ही आजवर सर्वांना चुकीच्या जागा सांगितल्या. त्यानंतर अट : तांडेल हा सहायक नसून भागीदार आहे व तसे त्याच्या नावानिशी लिहिले जावे; मग खऱ्या जागा सांगितल्या जातील.

बाईंनी दोनदा वाचले. “काका, हे भागीदारीचं पत्र आहे की गुन्ह्याची कबुली?”

“दोन्ही.”

“आणि मी आरोपी क्रमांक दोन.”

“क्रमांक एकमध्ये घालत होतो. तुम्ही परत आलात म्हणून दोन.”

त्यांनी ओठ दाबून धरले. एक शब्दही खोडला नाही. पर्समधून एक पाकीट काढून तांडेलाच्या हाती दिले. त्यात फोटो होते, मोठे छापलेले. एकात नाखवा हदऱ्यात गुडघाभर पाण्यात उभा, आणि कडेला, पाठमोरा, तांडेल. “माजी पाठ बरी आलीय,” तो म्हणाला. मी न्यायबुद्धीने क्रमांक दोन वगळला. केरळी गृहस्थांनी तर्जुमा करताना मला विचारले की हा खटला कोणत्या कोर्टात आहे. मी त्यांना विषयाची कल्पना दिली नाही.

निधी मंजूर झाला. बाई फोनवर म्हणाल्या की समितीच्या बैठकीत आमचे पत्र मोठ्याने वाचले गेले, आणि बाकी सगळी पत्रे संशोधकांनीच लिहिल्यासारखी वाटतात असे एक सदस्य बोलले. आठवडाभर गोदामात हजेरी लावताना माझ्या सहीचे वळण जरा मोठे येत होते.

परंतु करारनाम्याचा तक्ता आला तेव्हा त्यात पुन्हा तेच होते : बोटीवरील कर्मचारी, एक. भागीदाराच्या रकान्यात जे ओळखपत्र टाकावे लागते ते इथल्या नागरिकाचे. तांडेलाचा क्रमांक टाकला की संगणक तो लाल करून परत देई. स्थानिक समाज म्हणजे स्थानिक नागरिक, असे संगणकाचे मत होते. बाईंनी तीन पत्रे लिहिली. उत्तर आले की अहवालाच्या वेळी विचार करू.

हिवाळ्यातल्या त्या सकाळी आम्ही धक्क्यावर जमलो. गोदामातून रजा काढून मीही गेलो होतो. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, कारण कागदाला खारे पाणी चालत नाही. बोटीत उतरल्यावर बाईंनी विचारले, “नाखवा, कोणत्या दिशेला?”

म्हातारा बोटीच्या कडेला बसून माळ ओढत होता. “मैं भूल गया,” तो म्हणाला. “कर्मचारी एक से पूछो.”

बाई तांडेलाकडे वळल्या. त्याने दोर उचलून दाखवला. “सहायकाला काय इचारतेस, बाय? सहायक दोरी वडतो.”

बाईंनी वही मिटली. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “अट आमच्याकडून पाळली गेलेली नाही. आज नको जायला.” आणि त्या खरोखरच धक्क्यावर चढू लागल्या. मी मनातल्या मनात पुढच्या अर्जाची पहिली ओळ जुळवत होतो.

तांडेलाला ते सोसवले नाही. कदाचित मागच्या जानेवारीतले मफलर त्याच्या मनात असेल. “उतर खाली, बाय,” तो म्हणाला. “नाव न्हाय तर न्हाय. गायींनी काय केलाय?” आणि त्याने इंजिन सुरू केले.

तासाभराने त्याने ते बंद केले आणि बांबूने बोट ढकलू लागला. पाणी काचेसारखे. प्रथम श्वास ऐकू आला, झोपलेल्या माणसाने नाकातून सोडावा तसा. मग दुसरा, मग चहूबाजूंनी. राखाडी पाठी वर येत आणि जात. एकीच्या बाजूला तिचे पिल्लू, तिच्याइतकेच सावकाश. मी मोजू लागलो आणि सोडून दिले. बाई रडत होत्या आणि कॅमेरा स्थिर ठेवण्याचा प्रयत्न करत होत्या. नाखव्याने माळ खिशात ठेवली होती.

“ही जागा लिहू का?” बाईंनी विचारले. नाखव्याला नव्हे, तांडेलाला.

त्याने थोडा विचार केला. “तुज्या वहीत खरी लिव. छापशील तवा थोडी बाजूला. उद्या खेळ बघायला लोक येतील, त्यांच्या बोटी फार जोरात जातात.”

बाईंनी मान डोलावली. त्या दिवसापासून अधिकृत नकाशातही जागा थोडी बाजूलाच आहे. हे मी जबाबदारीने लिहीत आहे.

तांडेलाने मुलीला फोनवरून व्हिडिओ पाठवला. तिने कॉलेजात सर्वांना दाखवला आणि संध्याकाळी विचारले, बाबा, फार छान, पण रिपोर्ट आला की त्यात तुमचे नाव कोणत्या पानावर असेल? त्याने तो निरोप मला ऐकवला आणि माझ्याकडे पाहिले. अर्जदाराने अर्जनवीसाकडे पाहावे तसेच पाहिले.

आता वक्र्यापर्यंत मेट्रो आली आहे. बाईंनी अहवालाचा मसुदा दिला आहे. त्यांनी पहिल्या पानावर तांडेलाचे नाव भागीदार म्हणून घातले, आणि कार्यालयाने ते पान ‘रकाना क्रमांक चुकीचा’ म्हणून परत पाठवले. वयामुळे तांडेलाचा इथे राहण्याचा परवाना पुढे वाढत नाही. नाखव्याने स्वतः कचेरीत जाऊन पाहिले; दोन महिन्यांची मुदत मिळाली, त्यापुढे नाही.

सबब, माननीय समितीस सविनय विनंती करण्यात येते की, ज्या इसमाने एका पिल्लासाठी मालकाचे जाळे कापले आणि ती जागा इतकी वर्षे जपून अखेर आपणांस दाखवली, त्याचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह व गावासह, अहवालात भागीदारांच्या यादीत छापण्याचा आदेश व्हावा. रकाना अपुरा पडत असल्यास रकाना वाढवावा. विनंती नामंजूर असल्यास कारणे लेखी द्यावीत. ‘विचार करू’ हे उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही. नाव मोहोरबंद लिफाफ्यात या अर्जासोबत जोडले आहे. अर्जदार साठीचा असून लवकरच हा देश सोडणार आहे, तरी निर्णयाचा कागद त्याला इथे स्वतःच्या हाती मिळेल अशा बेताने कळवावे, ही प्रार्थना.